पोर्तुगीजमध्ये आपला व्यायाम सांगताना

लिस्बन किंवा पोर्तोला नवीन ऑफिसात रुजू झालात की हवापाण्याच्या गप्पा दोन मिनिटांत आटोपतात आणि पुढचा प्रश्न बरेचदा व्यायामाचा निघतो. प्रश्न साधा असतो. पण उत्तरात किती वेळा, कधी, कधीपासून, हल्ली का बंद आहे, कुठे दुखतंय हे सगळं येतं, आणि त्यात रोजच्या बोलण्याचं निम्मं व्याकरण वापरून होतं. नागरिकत्वासाठी ए२ पातळीची सिप्ले परीक्षा देणाऱ्यांनाही तोंडी भागात स्वतःबद्दल, दिनक्रमाबद्दल बोलावं लागतं. तिथेही हा विषय बिनधोक असतो.

वाक्य मनात इंग्रजीत जुळवून मग पोर्तुगीजमध्ये नेऊ नका, थेट मराठीतून न्या. आपल्यापैकी बहुतेकांना परकी भाषा इंग्रजीच्या आधाराने शिकायची सवय असते. पण या विषयात मराठी कितीतरी जवळची पडते. कुठे कुठे, ते पुढे येईलच.

उच्चारांची किल्ली

खालचे उच्चार पोर्तुगालच्या बोलीप्रमाणे आणि अर्थातच अंदाजे दिले आहेत. त आणि द आपल्यासारखेच दंत्य आहेत, इंग्रजीतले ट-ड विसरा. शब्दाच्या शेवटचा स पोर्तुगालमध्ये बहुतेक वेळा ‘श’ होतो. शेवटचा ए जवळजवळ गिळतात. ‘झ’ म्हणजे ‘माझा’तला झ. ‘ज’ मात्र जीभ टाळूला न टेकवता, ‘श’ म्हणता म्हणता घसा कंप पावेल असा. ‘र्र’ घशातून खाकरून येतो. अनुस्वार नाकातून काढायचा, पुढे स्पष्ट न् किंवा म् न जोडता. कोकणी येणाऱ्यांना हे सांगावंच लागत नाही. कान तयार करायला पोर्तुगालच्या सरकारी रेडिओची ‘आंतेना १’ ही वाहिनी चालता-धावताना लावून ठेवा.

आधी देश ठरवा

व्यायामाच्या शब्दांत पोर्तुगाल आणि ब्राझील चांगलेच वेगळे पडतात. पोर्तुगालमध्ये जिमला ‘जिनाझ्यु’ म्हणतात, ब्राझीलमध्ये ‘आकादेमीआ’. ब्राझीलमध्ये ‘जिनाझ्यु’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बंदिस्त क्रीडागृह येईल, आणि पोर्तुगालमध्ये ‘आकादेमीआ’ म्हटलंत तर एखादी विद्वानांची संस्था. ट्रेडमिल पोर्तुगालमध्ये ‘पसदेइर’, ब्राझीलमध्ये ‘इस्तेइरा’. रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टेसुद्धा पोर्तुगालमध्ये ‘पसदेइर’च, त्यामुळे संदर्भ बघून घ्या. कपडे बदलायची खोली ‘बाल्निआर्यु’, ब्राझीलमध्ये ‘वेस्चिआर्यु’. दोरीवरच्या उड्या ‘साल्तार आ कॉर्द’, तिकडे ‘पुलार कॉर्दा’. डेडलिफ्ट ‘पेझु मोर्तु’, तिकडे ‘लेवांतामेंतु तेहा’. खेळ म्हणजे ‘दश्पोर्तु’, तिकडे ‘इस्पोर्ची’.

ब्राझीलमध्ये जिममध्ये घाम गाळण्याला बोलीभाषेत ‘माल्यार’ म्हणतात. पोर्तुगालमध्ये तो शब्द त्या अर्थाने चालत नाही, तिथे ‘त्रेइनार’ म्हणा. ‘त्रेइनार’ दोन्हीकडे समजतं. धावायचे बूट ‘तेनिश’, पण पोर्तोकडची माणसं त्यांनाच ‘सपतील्यश’ म्हणतात आणि तो शब्द लिस्बनकरांकडून सुधारून घ्यायला मुळीच तयार नसतात.

यापुढे मी पोर्तुगालची रूपं धरून चालतो. ब्राझील जिथे मुद्दाम वेगळं आहे तिथे सांगेन.

क्रियापद निवडा

सगळ्यात कामाचं वाक्य एका शब्दाचं आहे: ‘त्रेइनु’, मी व्यायाम करतो. किंवा करते. इथे पहिली सवलत मिळते, कारण मराठीत धावतो-धावते असं क्रियापद लिंगानुसार बदलतं, पोर्तुगीजमध्ये बदलत नाही. ‘कोर्रु’ म्हणजे मी धावतो आणि मी धावतेसुद्धा. लिंग डोकावतं ते विशेषणात: पुरुष म्हणेल ‘श्तो कांसादु’, बाई म्हणेल ‘श्तो कांसाद’. आपलं थकलेला-थकलेली, तसंच.

बाकी क्रियापदांची वाटणी मराठीसारखीच आहे. जे आपण ‘करतो’ ते तिथेही करतात: ‘फासु यॉग’ (योग करतो), ‘फासु नतसांव’ (पोहण्याचा व्यायाम करतो), ‘फासु मुश्कुलसांव’ (वजनं उचलतो). जे आपण ‘खेळतो’ ते तिथेही खेळतात: ‘जॉगु तेनिश’. पोर्तुगालमध्ये सध्या पादॅलचं फार वेड आहे, काचेच्या भिंतींमधला तो चौघांचा रॅकेटचा खेळ, तेव्हा ‘जॉगु पादॅल’ हे वाक्य वरचेवर कानावर पडेल. संध्याकाळी मित्रांनी जमून फुटबॉल खेळणं म्हणजे ‘जुगार आ बॉल’. आपण ‘बॉल खेळायला जातो’ म्हणतो, अगदी त्याच सुरात. सायकल चालवणं ‘आंदार द बिसिक्लेत’. मुद्दाम वेळ काढून चालायला जाणं ‘फझेर कमिन्यादश’.

जोर म्हणजे ‘फ्लेक्सोंइश’, बैठका ‘अगशमेंतुश’, पोटाचे व्यायाम ‘अब्दुमिनाइश’, प्लँक ‘प्रांश’. सुरुवातीला अंग गरम करणं ‘अकॅसिमेंतु’, शेवटचं ताणणं ‘अलोंगमेंतुश’. सेट मोजायचे तर ‘त्रेश सेरिअश द दोझ’, बाराचे तीन सेट. सूर्यनमस्काराला तिथल्या योगवर्गांत ‘सउदसांव आउ सॉल’ म्हणतात. रोज बारा घालत असाल तर ‘फासु दोझ सउदसोंइझ आउ सॉल’ म्हणा. पुढचे प्रश्न तयार ठेवा, ते येणारच.

वार आणि वारंवारता

इथे मराठी माणूस हमखास अडखळतो. पोर्तुगीज वारांना ग्रहांची नावं नाहीत, क्रमांक आहेत, आणि मोजणी रविवारपासून धरली आहे. त्यामुळे सोमवार ‘सगुंद’ म्हणजे दुसरा, मंगळवार ‘तेर्स’, बुधवार ‘क्वार्त’, गुरुवार ‘किंत’, शुक्रवार ‘सेइश्त’ म्हणजे सहावा. शनिवार ‘साबदु’ आणि रविवार ‘दुमिंगु’ एवढ्यांनाच नाव आहे. सोमवारला मनात ‘एक’ म्हणायची सवय असेल तर ‘क्वार्त’ ऐकून तुम्ही गुरुवारी जिमच्या वर्गाला पोचाल आणि वर्ग बुधवारीच होऊन गेलेला असेल.

दर आठवड्याची गोष्ट आणि येत्या एका दिवसाची गोष्ट यांचा फरक एका छोट्या अक्षरात आहे. ‘आश सगुंदश’ म्हणजे दर सोमवारी. ‘ना सगुंद’ म्हणजे या सोमवारी. ‘वो आउ जिनाझ्यु आश सगुंदश, क्वार्तश इ सेइश्तश’: मी सोमवार-बुधवार-शुक्रवार जिमला जातो. शनिवार-रविवार पुल्लिंगी असल्याने तिथे ‘आउश साबदुश’, ‘आउश दुमिंगुश’. आणि सोमवारपासून सुरू करतो हे जागतिक वचन पोर्तुगीजमध्येही जसंच्या तसं आहे: ‘ना सगुंद कुमेसु’. कोणी असं म्हटलं की समोरचा हसतो, म्हणून हे वाक्य विनोदासाठी राखून ठेवा.

किती वेळा हे सांगायला एकच साचा पुरतो. ‘त्रेश वेझश पुर समाना’ म्हणजे आठवड्यातून तीनदा. ‘पुर दीअ’ लावलं की दिवसातून. रोज म्हणजे ‘तोदुझ उश दीअश’. एक दिवस आड म्हणजे ‘दीअ सीं, दीअ नांव’, शब्दशः ‘एक दिवस हो, एक दिवस नाही’. कधीमधी ‘द वेश एंय क्वांदु’, जवळजवळ कधीच नाही ‘क्वाझ नुंक’.

वेळ सांगताना ‘द मन्यां’ सकाळी, ‘आ नोइत’ रात्री, ‘दपोइश दु त्रबाल्यु’ कामानंतर, ‘दश सेत आझ ओइतु’ सात ते आठ. अर्धा तास ‘मेइय ऑर’. यापुढे ‘कुश्तुमु’ जोडलंत की वाक्य एकदम घरचं वाटायला लागतं: ‘कुश्तुमु कुर्रेर द मन्यां’, मी सहसा सकाळी धावतो.

समोरच्याला विचारायचं तर ‘क्वांतश वेझश त्रेइनश पुर समाना?’ हे बरोबरीच्या माणसाला, म्हणजे आपल्या ‘तू’सारखं. पोर्तुगालमध्ये जिममधली तरुण मंडळी एकमेकांना लगेच ‘तू’ म्हणतात, आणि योगायोगाने त्यांचा शब्दही ‘तु’च आहे. वयस्कर शेजाऱ्यांना मात्र ‘उ सन्योर’ किंवा ‘अ सन्योर’ लावून तृतीयपुरुषी क्रियापद वापरा: ‘उ सन्योर त्रेइन?’ थोडंसं आपल्या ‘आपण येता का’सारखं अंतर त्यात असतं. ब्राझीलमध्ये बहुतेक ठिकाणी ‘वोसे’ म्हटलं की भागतं. तोच ‘वोसे’ पोर्तुगालमध्ये अनेकांना उर्मट वाटतो, तेव्हा जपून.

होकार देताना ‘सीं’ म्हणायची घाई करू नका. पोर्तुगीज माणूस क्रियापदच परत म्हणतो. ‘त्रेइनश?’ ‘त्रेइनु.’ आपणही ‘जातोस का?’ला ‘जातो’ म्हणतो. इंग्रजीच्या सवयीने ‘हो’ शोधत बसलात तर मराठीनेच फुकट दिलेली गोष्ट हातची जाते.

काळ: धावलो, धावायचो, धावतोय

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

काल धावलो: ‘कुर्री ओंतेंय’. पूर्वी धावायचो: ‘दांतश कुर्रीअ’. मराठीतलं ‘-यचो, -यचे’ आणि पोर्तुगीजचा हा अपूर्ण भूतकाळ एकमेकांवर जवळजवळ नेमके बसतात. कॉलेजात असताना पोहायचो, लग्नाआधी रोज टेकडीवर जायचे, अशी वाक्यं मनात मराठीत म्हणा. ‘-यचो’ आलं की ‘-ईअ’ किंवा ‘-आव’ लावा: धावायचो ‘कुर्रीअ’, पोहायचो ‘नदाव’, व्यायाम करायचो ‘त्रेइनाव’. ‘-लो, -ला’ आलं की एकदाच घडलेल्याचा काळ: ‘कुर्री’, ‘नदेइ’, ‘त्रेइनेइ’.

दोन वर्षांपासून करतोय हे सांगायचं असेल तर वर्तमानकाळच ठेवा, मराठीत ठेवतो तसाच: ‘त्रेइनु आ दोइझ आनुश’. प्रश्नही वर्तमानातच येतो: ‘आ क्वांतु तेंपु त्रेइनश?’ किती दिवसांपासून करतोयस? इंग्रजीतून आलेला माणूस इथे ‘तेन्यु त्रेइनादु’ म्हणून मोकळा होतो. ते रूप आहे, पण त्याचा अर्थ ‘हल्ली अधूनमधून होत आलंय’ असा आहे. ‘तेन्यु त्रेइनादु पोकु’ म्हणजे हल्ली व्यायाम कमीच होतोय. आज व्यायाम झाला आहे हे सांगायला ते चालत नाही. तिथे ‘जा त्रेइनेइ ओज’.

‘हल्ली धावतोय’साठी पोर्तुगालमध्ये एक गोड रचना आहे: ‘आंदु अ कुर्रेर’. ‘आंदु’चा मूळ अर्थ चालतो-फिरतो, पण इथे तो ‘सध्या चाललंय’ एवढाच भाव देतो. ब्राझीलमध्ये त्याऐवजी ‘तो कोहेंदु’ ऐकाल. आणि बंद पडलं असेल तर, जे बहुतेकांचं खरं उत्तर असतं: ‘श्तो परादु आ दोइश मेझश’, दोन महिने बंद आहे. बाईने ‘पराद’ म्हणायचं.

कंटाळा, कष्ट आणि ‘मला’

‘आज व्यायाम करावासा वाटत नाही’ या मराठी वाक्यात मी कर्ता नाही, वाटणं माझ्याकडे येतं. पोर्तुगालची पोर्तुगीज हेच करते: ‘नांव म अपतेस त्रेइनार’. यातला ‘म’ म्हणजे आपला ‘मला’. एकदा हे लक्षात आलं की एक अख्खं कुटुंब हाती येतं. ‘कूश्त-म अकुर्दार सेदु’: मला लवकर उठणं जड जातं. ‘फाल्तांव-म दुअश सेरिअश’: माझे अजून दोन सेट राहिलेत. ‘फाज-म बेंय’: मला मानवतं. पोहणं मानवतं, सकाळची हवा मानवते, कशालाही लावा. नकार आला की ‘म’ क्रियापदाच्या आधी जातो, साध्या वाक्यात मागे लागतो. एवढा नियम सुरुवातीला बास.

ब्राझीलमध्ये कंटाळ्याचं वाक्य वेगळं: ‘तो कों प्रेगीसा’. आपल्या ‘आळस आलाय’ची बरोबर जोडी. पोर्तुगालमध्येही ‘प्रगीस’ समजते.

दुखणं

दुखण्यातही तोच ‘मला’ आहे. ‘दोइ-म उ जुएल्यु’: मला गुडघा दुखतो. अनेकवचनात ‘दॉएं-म अश पेर्नश’, पाय दुखतात. ‘माझा गुडघा’ म्हणायची गरज नाही, कोणाचा ते ‘म’नेच सांगितलं. पाठ ‘कॉश्तश’ (हा शब्द नेहमी अनेकवचनी, म्हणून ‘दॉएं-म अश कॉश्तश’), खांदा ‘ओंब्रु’, घोटा ‘तुर्नुझेलु’. पाय मुरगळला तर ‘तुर्सी उ पे’.

आदल्या दिवशीच्या व्यायामाने अंग मोडून आलं असेल तर ‘श्तो तोदु पर्तीदु’, बाईच्या तोंडी ‘श्तो तोद पर्तीद’. शब्दशः ‘मी अख्खा मोडलोय’. ही तक्रार कमी आणि फुशारकी जास्त असते. खरंच दुखापत असेल तर ती वर्ग सुरू व्हायच्या आधीच प्रशिक्षकाला सांगा.

जिमच्या दारात आणि आत

नाव नोंदवताना चार शब्द कानावर येतील: ‘इंश्क्रिसांव’ म्हणजे प्रवेश शुल्क, ‘मेंसलिदाद’ म्हणजे महिन्याची फी, ‘सगूरु’ म्हणजे विमा आणि ‘फिदलिझसांव’. शेवटचा सर्वांत महत्त्वाचा. त्याचा अर्थ ठरावीक महिने, पुष्कळदा वर्षभर, तुम्ही बांधले गेलात, मध्येच सोडता येत नाही. सही करण्याआधी विचारा: ‘तेंय फिदलिझसांव?’ हे एक वाक्य पाठ करून गेलात तरी लेख वसूल. ‘पगार’ म्हणजे तिथे पैसे भरणं, आपला पगार त्याच शब्दावरून आला, फक्त पैशाची दिशा उलटी झाली. लॉकर ‘कसीफु’, त्याची किल्ली ‘शाव’, जिची आपल्याकडे चावी झाली. कुलूप बरेचदा स्वतःचं न्यावं लागतं, ते ‘कदिआदु’. टॉवेल ‘तुआल्य’, आणि तो बहुतेक जिममध्ये सक्तीचा असतो.

यंत्रापाशी कोणी बसलेलं असेल तर ‘श्ताझ अ उझार?’ वापरतोयस का? मग ‘फाल्तांव-त मुइंतश?’ अजून बरेच राहिलेत का? आलटूनपालटून करायचं असेल तर ‘पुदेमुझ आल्तर्नार?’ ब्राझीलमध्ये ‘पोसु हेवेझार?’ विचारतात आणि नाही म्हणणं तिथे असभ्य मानतात.

एक छोटा संवाद ऑफिसच्या कॉफीयंत्रापाशी ऐकू येईल असा:

— एंतांव, ओज त्रेइनश? (काय मग, आज जिम का?)
— ओज नांव म अपतेस. श्तो तोदु पर्तीदु. (आज नको वाटतंय. अंग मोडलंय नुसतं.)
— फिझेश्त पेर्न ओंतेंय? (काल पायांचा केलास?)
— फीश. सींकु सेरिअश द अगशमेंतुश. (केला. बैठकांचे पाच सेट.)
— दश्कांस. अमन्यां वाइश. (आराम कर. उद्या जा.)

शेवटच्या वाक्यात ‘वाइश’ वर्तमानकाळी आहे. ‘उद्या जातो’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये.

गप्पा पुढे न्यायला

धावण्याचा विषय निघाला तर दोन नावं माहीत असू द्या. कार्लुश लॉपश यांनी १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकून पोर्तुगालला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं, तेव्हा ते ३७ वर्षांचे होते. चाळिशीकडे झुकलेल्या धावपटूंना हा आकडा फार प्रिय आहे. चार वर्षांनी सोलमध्ये रॉझ मॉत यांनी महिलांची मॅरेथॉन जिंकली. लिस्बनमध्ये लॉपश यांच्या आणि पोर्तोमध्ये मॉत यांच्या नावाची मोठी सभागृहं आहेत. लिस्बनची अर्धमॅरेथॉन, म्हणजे ‘मेइय मरतोन’, तेजु नदीवरच्या २५ एप्रिल पुलावरून जाते. एरवी त्या पुलावर पायी जाता येत नाही, म्हणून न धावणारेही नाव नोंदवतात. ब्राझिली माणसाशी बोलत असाल तर सांव सिल्व्हेस्त्रीचा विषय काढा. साओ पावलोतली ही १५ किलोमीटरची शर्यत १९२५पासूनची आहे आणि ३१ डिसेंबरला होते. वर्षअखेरीला पोर्तुगालच्या अनेक शहरांतही याच नावाच्या शर्यती होतात.

आता आपला परिच्छेद

आधी मराठीत पाच-सहा वाक्यं लिहा, बोलता तशी. नमुना असा:

पूर्वी रोज धावायचो. गेल्या वर्षी गुडघा दुखावला. आता आठवड्यातून तीनदा जिमला जातो, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार. रविवारी नदीकाठी चालतो. लवकर उठणं जड जातं, पण मानवतं.

‘दांतश कुर्रीअ तोदुझ उश दीअश. नु आनु पसादु मगुएइ उ जुएल्यु. अगॉर वो आउ जिनाझ्यु त्रेश वेझश पुर समाना, आश सगुंदश, क्वार्तश इ सेइश्तश. आउश दुमिंगुश फासु ऊम कमिन्याद आउ पे दु र्रीउ. कूश्त-म अकुर्दार सेदु, मश फाज-म बेंय.’

हे जसंच्या तसं पाठ करू नका, आपले वार, आपला अवयव आणि आपला व्यायाम घाला. मग मोठ्याने म्हणा आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐका. शेवटचे ‘श’ नीट येतात का आणि ‘नांव’ नाकातून निघतो का, एवढंच तपासा. ओळखीचा कोणी पोर्तुगीज असेल तर त्याच्यापुढे म्हणून शेवटी ‘इ तु?’ म्हणजे ‘आणि तू?’ जोडा. उत्तर भराभर येईल आणि निम्मं निसटेल. तेव्हा म्हणा, ‘माइझ दवगार, स फाश फवोर’, जरा सावकाश, प्लीज.